जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना उमेद टिकवणारा कामाचा क्रम

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली अर्धवट खोललेली एखादी प्रीमियर पद्मिनी, चेतक किंवा येझदी हमखास दिसते. मालकाला विचारले, तर सुरुवातीला वेळ मिळेनासा झाला आणि आता मनच होत नाही, असे उत्तर मिळते. अशी बरीच कामे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की मन उडण्याच्या कितीतरी आधी कामाचा क्रम चुकलेला असतो. पहिल्या दोन रविवारी उत्साहाच्या भरात सगळी गाडी खोलली जाते, तिसऱ्या महिन्यात टायर आणि बॅटरी येऊन पडतात, पावसाळ्यात उघड्या पत्र्यावर गंज चढतो आणि दसऱ्याचा ठरवलेला मुहूर्त निघून गेला की गाडीकडे पाहणेही नकोसे होते.

ठाण्यातल्या कोलबाडमधल्या आमच्या सोसायटीत १९८४ ची पद्मिनी पूर्ण करायला मला साडेतीन वर्षे लागली आणि त्यांतले अकरा महिने ती नुसती उभी होती. ते अकरा महिने ज्या चुकांमुळे गेले, त्या टाळता याव्यात म्हणून पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. उदाहरणे कारची असली, तरी स्कूटर किंवा मोटारसायकललाही क्रम हाच लागू पडतो.

१. पाना हातात घेण्याआधी कागद

निम्मे काम झाल्यावर गाडीच्या कागदांत खोट निघाली, तर पुढे पैसे घालायला कोणाचाही हात धजत नाही. म्हणून आरसी बुकातला इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी अक्षरन्‌अक्षर जुळवून पाहावा. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीसाठी दाखवून आणि पर्यावरण कर भरून तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो आणि ते काम गाडी खोलण्याआधी सुरू करणे शहाणपणाचे ठरते. एमएच मालिका येण्यापूर्वीच्या तीन अक्षरी क्रमांकांच्या अनेक गाड्यांची माहिती संगणकावर चढलेलीच नसते. अशा वेळी आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते आणि त्याला किती फेऱ्या पडतील, हे आधी सांगता येत नाही. रंग बदलायचा असेल, तर तोही आरसीवर नोंदवावा लागतो, हे रंग ठरवतानाच ध्यानात ठेवावे.

सावधान: चासी क्रमांक पत्र्यावर ठोकलेला असतो आणि ग्राइंडर, सँडब्लास्टिंग किंवा पुट्टीचा एक हात त्याला नाहीसा करू शकतो. त्याचे स्पष्ट छायाचित्र काढावे, त्यावर जाड चिकटपट्टी लावावी आणि डेंटरला ती जागा स्वतः बोट ठेवून दाखवावी.

२. जागा पक्की करणे

सोसायटीच्या कार्यकारिणीला लेखी पत्र देऊन गाडी किती काळ, कोणत्या जागेवर, कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत हाताळली जाईल, ते कळवावे. पत्रात एक वाक्य आवर्जून घालावे, की ग्राइंडर, कॉम्प्रेसर आणि रंगाचा फवारा सोसायटीच्या आवारात चालणार नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारीने बंद पडलेले काम पुन्हा सुरू करणे फार अवघड जाते, कारण त्यात गाडीबरोबर नातीही सांभाळावी लागतात. रस्त्याच्या कडेला गाडी ठेवून काम करण्याचा विचार सोडून द्यावा. धूळ खात उभी असलेली गाडी बेवारस ठरून उचलली जाण्याची शक्यता असते आणि सुटे भाग चोरीला जातात ते वेगळेच.

गाडी शक्यतो सतत तिच्या चाकांवर राहील, असे पाहावे. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, गळतीचे काम, रंगकाम अशा कारणांनी गाडी हलवा, असा निरोप वर्षातून एकदा तरी येतोच. त्या दिवशी गाडी विटांवर असेल, तर कामाचा खेळखंडोबा होतो. खाली स्टिल्टमध्ये पाणी शिरते, हे २००५ च्या २६ जुलैनंतर ठाण्यात कोणाला सांगायला नको, म्हणून सुट्या भागांचे खोके जमिनीपासून निदान कमरेइतक्या उंचीवर असावेत.

घरातही एक कप्पा आणि एक टेबल मागून घ्यावे. या टेबलाचे महत्त्व पाचव्या टप्प्यात कळेल.

३. निदान, आणि काय करायचे नाही याची यादी

गाडी जशी आहे तशी, एकही नट न सोडता, तीन-चार रविवार नुसती तपासावी. फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, बॅटरीखालचा पत्रा आणि डिकीतली स्टेपनीची खोबण या जागा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहाव्यात. टोक आत गेले, तर तिथला पत्रा बदलावाच लागेल. इंजिन सुरू होत असेल, तर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून लिहून ठेवावे. दिवे, वायपर, काचा, कुलुपे आणि मीटर यांपैकी काय चालते, तेही लिहावे.

मग वहीत तीन रकाने आखावेत: सुरक्षिततेसाठी, चालण्यासाठी आणि दिसण्यासाठी. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, पेट्रोलची नळी आणि वायरिंग पहिल्या रकान्यात जातात व त्यांवर तडजोड होत नाही. तिसरा रकाना मात्र वाढतच जातो आणि बहुतेक कामे तिथेच बुडतात. म्हणून त्याखाली एक रेघ मारून या खेपेला काय करणार नाही, हे लिहावे. मी लिहिले होते की सीटचे मूळ डिझाइनचे कापड शोधणार नाही, बंपरचे क्रोम पुन्हा करून घेणार नाही आणि रेडिओला हात लावणार नाही. त्यानंतर दुसऱ्या कोणाची चकचकीत गाडी पाहून मन हलले, की मी ते पान उघडत असे.

एक मोठा निर्णय याच टप्प्यावर घ्यायचा असतो. गाडी आज चालत असेल, तर माझा आग्रह असा, की ती चालती ठेवूनच एकेक यंत्रणा दुरुस्त करावी. या वाटेने वेळ जास्त लागतो, परंतु महिन्यातून एकदा गाडीत बसून फेरी मारता येते आणि त्या एका फेरीने जी उमेद येते, ती दुसऱ्या कशानेही येत नाही. पत्रा सर्वत्र कुजलेला असेल, तरच गाडी पूर्ण खोलावी.

तपासणी: डेंटिंग आणि पेंटिंगसाठी मिळालेल्या अंदाजात एक तृतीयांश रक्कम वाढवून पाहा. ती पूर्ण रक्कम हाताशी नसेल, तर बॉडीचे काम अजून सुरू करू नका. पैशांअभावी प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या थरावर, अडकलेली गाडी सर्वांत लवकर सोडून दिली जाते.

४. खोलणे

एका वेळी एकच यंत्रणा खोलावी, आणि कोणत्याही दिवशी खोललेल्या यंत्रणा दोनपेक्षा जास्त नसाव्यात. माझे अकरा महिने वाया जाण्याचे मुख्य कारण हा नियम मोडणे हेच होते. मी ब्रेक, वायरिंग, डॅशबोर्ड आणि चारही दारे एका महिन्यात उतरवली, आणि दर रविवारी खाली गेल्यावर कुठून सुरुवात करावी हेच सुचेनासे झाले.

भाग सोडण्यापूर्वी तीन बाजूंनी छायाचित्रे काढावीत: एक लांबून, एक जवळून आणि एक नळी किंवा वायर कुठून कुठे जाते ते दाखवणारे. नट-बोल्ट आणि वायसर झिपच्या पिशवीत घालून, भागाचे नाव पेन्सिलने कागदावर लिहून तो कागद आतच टाकावा. पिशवीवर मार्करने लिहिलेले नाव तेलाच्या हाताने वर्षभरात पुसले जाते. जे बोल्ट त्यांच्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून ठेवता येतात, ते तसेच ठेवावेत. जुना भाग कितीही खराब असला, तरी नवा भाग गाडीवर नीट बसेपर्यंत फेकू नये. रबरी पट्टी, काचेची फ्रेम किंवा दाराची कडी नव्याने करून घ्यायची झाली, तर जुन्याखेरीज दुसरा नमुना मिळत नाही.

सावधान: गाडीखाली जाताना केवळ जॅकवर कधीही विसंबू नये, मजबूत स्टँड लावून, गाडी हाताने हलवून पाहूनच खाली सरकावे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली, तरी आत वाफ उरते. तिला वेल्डिंग करण्याचे धाडस स्वतः करू नये.

५. वर्षाची आखणी पावसावरून

आपल्याकडे सर्वाधिक चूक इथेच होते, म्हणून या टप्प्यावर थोडे थांबतो. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत उघडा केलेला पत्रा पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतो. साधा प्रायमर लावला म्हणजे पत्रा सुरक्षित झाला, हा समज खोटा आहे. तो प्रायमर सच्छिद्र असतो, दमट हवेतले पाणी त्यातून आत जाते आणि खालून गंज धरतो, जो वरून रंग दिल्यावर वर्षभराने फोड होऊन बाहेर येतो. पत्रा उघडा करून तो लांब काळ ठेवायचाच असेल, तर इपॉक्सी प्रायमर लावून घ्यावा. पावसाळी हवेत मारलेल्या लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते.

आता दसऱ्याचा विचार करू. वाहनपूजेला गाडी दारात उभी असावी, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. पण दसरा पाऊस संपता संपता येतो, म्हणजे रंगकाम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकावे लागते आणि तेव्हाची हवा त्याला सर्वांत वाईट. शिवाय सणाच्या तोंडावर पेंटरकडे गाड्यांची रांग असते. त्यामुळे हा मुहूर्त एक तर चुकतो किंवा रंग बिघडवून साधला जातो, आणि दोन्ही प्रकारांत मन खचते. मुहूर्त हवाच असेल, तर गुढीपाडवा धरावा, कारण त्याआधी चार-पाच महिने कोरडी हवा मिळते.

आखणी साधारण अशी करावी. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत पत्रा, डेंटिंग आणि रंग. एप्रिल-मे महिन्यांत अनेक कारागीर गावी जातात, म्हणून तेव्हा वायरिंग, ब्रेकच्या नळ्या आणि जोडणी अशी आपल्या हातची कामे ठेवावीत. जून ते सप्टेंबर गाडीला हात न लावता घरातल्या टेबलावर बसून कार्ब्युरेटर, वायपरची मोटर, डिस्ट्रिब्युटर, मीटर, दारांची कुलुपे आणि दिव्यांच्या फ्रेम एकेक करून पूर्ण करावे. ही कामे एका-दोन बैठकींत संपतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत असे आठ-दहा भाग तयार होऊन, कागदात गुंडाळून, नाव लिहून कपाटात गेले, की ऑक्टोबरमध्ये खाली उतरताना पाय आपोआप उचलतात.

तपासणी: ३१ मेपर्यंत गाडीवर एकही इंच उघडा पत्रा राहिलेला नसावा. राहिला असेल, तर नवे काम न काढता आधी तो बंद करावा.

६. खरेदी कधी आणि कशाची

मन मरगळले, की माणूस खरेदी करतो, कारण नवा खोका उघडताना काम पुढे सरकल्यासारखे वाटते. यात पैसा चुकीच्या जागी अडकतो. टायरचे वय तो बनल्या दिवसापासून मोजले जाते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बॅटरी न वापरता पडून राहिली, तर आपोआप उतरते आणि निकामी होते. ब्रेक फ्लुइड हवेतले पाणी शोषते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी भरून ठेवलेल्या ब्रेकचे सिलिंडर आतून गंजलेले निघतात. या तीन गोष्टी शेवटच्या दोन महिन्यांतच आणाव्यात.

इंजिनाचेही असेच आहे. ते रीबोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून नव्याने कोरून, आणण्याची घाई सर्वांना असते, पण बॉडीच्या रंगाची तारीख पक्की होण्यापूर्वी ते करू नये. आधीच होऊन पडले असेल, तर प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि दर दोन-तीन आठवड्यांनी इंजिन हाताने फिरवावे.

याउलट काचा, दिव्यांच्या फ्रेम, चिन्हे आणि क्रोमच्या पट्ट्या दिसल्या की घ्याव्यात. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हापासून असे भाग ठेवणाऱ्या दुकानदारालाही ते जपून ठेवण्याचे कारण उरलेले नाही. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाताना जुना भाग पिशवीत घेऊनच जावे. छायाचित्र दाखवून आणलेला भाग मला तीनदा परत करावा लागला. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग मात्र नवीच घ्यावीत, आणि तीही आजच्या २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलला टिकणारी.

७. बाहेरच्या कारागिरांची कामे

वागळे इस्टेट असो की तुर्भे-रबाळे, गॅरेजमध्ये गाडी सोडून आलो की काम सुरू झाले, असे समजू नये. रोज येणाऱ्या अपघाताच्या गाड्या लगेच पैसे देतात, म्हणून जुनी गाडी मागे ढकलली जाते. आमच्या पद्मिनीचे असेच झाले. एका गॅरेजला मी सुरुवातीलाच बहुतेक रक्कम दिली आणि गाडी चार महिने भिंतीला लागून उभी राहिली.

म्हणून काम चार तुकड्यांत ठरवावे: पत्रा बदलणे, डेंटिंग, प्रायमर आणि रंग. प्रत्येक तुकडा पाहून झाल्यावरच त्याचे पैसे द्यावेत. आठवड्यातून एका ठरावीक दिवशी, शक्यतो कारागीर जेवायला बसण्यापूर्वी, स्वतः जावे आणि पुट्टी भरण्याआधीचा पत्रा डोळ्यांनी पाहावा. पुट्टीच्या थराखाली काय दडले आहे, ते नंतर कळत नाही. वेल्डिंग करणाऱ्या मिस्त्रीशी आदराने बोलावे, त्याने चांगले केलेले काम नाव घेऊन सांगावे. जुन्या गाडीत जीव ओतणारा कारागीर मिळाला, तर निम्मी उमेद तोच पुरवतो.

८. रविवारची बैठक

वेळ थोडा आणि ठरलेला असावा. सकाळी सात ते अकरा हे चार तास पुरेसे आहेत आणि अकराला घरी परत येण्याचा शब्द पाळावा. दिवसभर गाडीखाली राहून पुढचे तीन आठवडे न फिरकण्यापेक्षा हे कितीतरी बरे, आणि घरच्यांचा पाठिंबाही टिकतो.

बैठकीचा क्रम असा असावा. पहिली दहा मिनिटे वही वाचावी. त्या दिवशीचे एकच काम निवडावे, आणि ते एका वाक्यात मावले पाहिजे. ‘ब्रेक करणे’ हे काम नव्हे; ‘मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर काढून धुणे’ हे काम आहे. शेवटची वीस मिनिटे पाने पुसून जागेवर ठेवण्यासाठी, काय झाले ते वहीत लिहिण्यासाठी आणि पुढच्या रविवारचा भाग, त्याला लागणारा पाना व वायसर एका ताटलीत मांडून ठेवण्यासाठी राखावीत. पुढच्या वेळी शोधाशोधीत पहिला तास गेला नाही, की हात लगेच कामाला लागतो.

सावधान: अडकलेल्या बोल्टशी शेवटच्या अर्ध्या तासात झुंजू नये. त्यावर गंज सोडवणारे तेल टाकावे, तसाच आठवडाभर सोडावा आणि त्या दिवशी दुसरे एखादे सोपे काम पूर्ण करून घरी जावे. तुटलेला बोल्ट डोक्यात घेऊन घरी गेलेला माणूस पुढच्या रविवारी खाली उतरत नाही.

९. काम थांबलेच असेल तर

सहा महिने झाले, वर्ष झाले, तरी गाडी विकण्याचा किंवा सगळे नव्याने ठरवण्याचा निर्णय लगेच घेऊ नये. पहिल्या रविवारी गाडीला हात न लावता फक्त जागा झाडावी, ताडपत्री झटकावी आणि टायरमध्ये हवा भरावी. दुसऱ्या रविवारी सर्व पिशव्या आणि खोके उघडून काय आहे, काय हरवले आहे, याची यादी करावी. ही यादी करताना जवळजवळ प्रत्येकाला कळते, की वाटले होते त्याहून बरेच काम झालेले आहे. तिसऱ्या रविवारी एक लहान भाग, उदाहरणार्थ दाराचे हँडल, पूर्ण करून गाडीवर बसवावा.

अडकण्याचे कारण पैसा असेल, तर महिन्याची रक्कम ठरवून ती साठेपर्यंत फक्त साफसफाईची कामे करावीत. कारण एखादे न जमणारे काम असेल, तर तेवढे एक काम पैसे देऊन करून घ्यावे. वायरिंगशी मी दोन महिने झगडलो, शेवटी कोपरीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला घरी बोलावले आणि त्यांनी ते दोन दिवसांत लावून दिले. ते सारे स्वतःच करायचे, हा माझा हट्ट कामाच्या मुळावर आला होता.

१०. जोडणी आणि पहिली फेरी

रंग झाल्यावर गाडी पूर्ण झाल्यासारखी दिसते आणि नेमक्या याच वेळी घाई होते. आधी वायरिंग, मग ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या, मग काचा आणि रबरी पट्ट्या, आणि शेवटी सीट व आतले कापड, हा क्रम पाळावा. सीट बसवण्यापूर्वी कोणालातरी आत बसवून बाहेरून पाण्याच्या पाइपने काचा आणि दारे भिजवावीत. गळती आत्ता सापडली, तर एक पट्टी बदलून भागते.

तपासणी: इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्रेकचे पॅडल एक मिनिट दाबून धरा, ते हळूहळू खाली गेले, तर नळीत, चाकाच्या किंवा मास्टर सिलिंडरमध्ये गळती आहे. पेट्रोलच्या प्रत्येक सांध्याला कोरडे टिश्यू लावून पाहा. अग्निशामक सिलिंडर हाताजवळ ठेवा.

विमा, नूतनीकरण झालेली आरसी, पीयूसी आणि एचएसआरपी (उच्च सुरक्षा क्रमांकाच्या) पाट्या नसतील, तर गाडी रस्त्यावर काढू नये. पहिली फेरी रविवारी पहाटे, सपाट सर्व्हिस रोडवर, घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत मारावी. घोडबंदरचा गायमुख घाट आणि भर उन्हातली वाहतूक कोंडी पहिल्या महिन्यात टाळावी. प्रत्येक फेरीनंतर खाली पुठ्ठा टाकून कुठे थेंब पडतो ते पाहावे आणि त्याच वहीत लिहावे. नव्याने बांधलेल्या इंजिनाचे ऑइल पहिल्या ५०० किलोमीटरनंतर बदलावे, आणि त्याच दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळून, पुन्हा तपासावेत.